इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, माझा अनुभव

धम्मगिरीहून, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातून, आल्यापासून सोसायटीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की कसं असतं, झेपेल का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितेय. मी ५७ वर्षांची, मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी टोरंटोला. घर खायला उठतं म्हणतात ना, तसं झालं होतं. सकाळी उठल्याउठल्या टीव्ही लावायचे तो रात्री झोपतानाच बंद, बघायला म्हणून नाही, नुसता आवाज हवा म्हणून. धाकट्या बहिणीला सांगितलं तर ती चिडलीच, ताई आधीच एकटी पडलीयस आणि त्यात दहा दिवस तोंड बंद करून बसायला चाललीस, वेड लागेल तुला. खरं सांगते, भीती मलाही तीच होती.

आधी माहिती. फॉर्म ऑनलाईन भरायचा, जागा लवकर भरतात. त्यात मानसिक आजार, चालू औषधं सगळं विचारतात, काहीही लपवू नका, हे फार महत्त्वाचं आहे. फी शून्य. राहणं, जेवण, शिकवणं कशाचेच पैसे घेत नाहीत, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर, आपल्या मर्जीने. ही शिबिरं ज्यांनी सुरू केली ते सत्यनारायण गोयंका मूळचे म्यानमारमधले, तिथे सयाजी ऊ बा खिन या विपश्यनेच्या गुरूंकडे शिकले, १९६९ ला भारतात येऊन शिबिरं घ्यायला लागले, आणि इगतपुरीला १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. ते २०१३ ला गेले पण सूचना आणि संध्याकाळचं प्रवचन अजून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं असतं.

पोचल्यावर मोबाईल जमा. पुस्तक, वही, पेन, जपमाळ काही जवळ ठेवायचं नाही. पहाटे ४ ला घंटा, साडेचारपासून ध्यान, साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण, ५ ला चहा, फळ आणि चुरमुरे, मग रात्री काही नाही. मला वाटलं होतं भुकेने झोप लागणार नाही पण तसं काही झालं नाही. जेवण साधं, कमी तिखट, सात्त्विक. पुरुष आणि बायकांची सगळी व्यवस्था वेगळी. पहिले तीन दिवस फक्त येणारा जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे अंगावर जाणवणाऱ्या संवेदना नुसत्या बघत राहायच्या, आणि मग रोज तीन वेळा एक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. गुडघ्यांनी माझे प्राण कंठाशी आणले, ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आधीच सांगून खुर्ची मागून घ्या.

आता खरं जे सांगायचंय ते. आर्य मौन म्हणजे नुसतं न बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. माझ्या खोलीत अजून एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. नऊ दिवस त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. पण पहाटे मी उठायच्या आत त्या दिवा न लावता अंधारातच आवरायच्या, दार इतकं हळू लावायच्या की कडीचा आवाज येऊ नये, आणि एकदा मी गरम पाण्याला उशिरा पोचले तर माझी बादली भरून दाराशी ठेवलेली. मीही मग त्यांचा वाळलेला टॉवेल पाऊस यायच्या आत आत आणून ठेवायला लागले. एक शब्द नाही, आणि तरी मला त्या खोलीत एकदाही एकटं वाटलं नाही.

पाचव्या दिवसापासून पॅगोडात शून्यागार मिळालं, म्हणजे एका माणसापुरती छोटी खोली, दार लावलं की काळोख. तिथे मी पोटभर रडले. मिस्टर गेले तेव्हा चाळीस नातेवाईक घरात होते, सगळे म्हणत होते खंबीर राहा, मुलीकडे बघ, आणि मी सगळ्यांना चहा करून देत होते. माझ्या आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं जितकं त्या गर्दीत वाटलं. इथे कुणी कशी आहेस विचारत नाही म्हणून मी बरी आहे असं खोटं बोलावं लागत नाही, आणि मला वाटतं माझं एकाकीपण बरंचसं त्या खोट्यातच होतं, बोलायला कुणी नाही यात तेवढं नव्हतं. एकांत मला सोसत नाही असं मी दोन वर्षं समजत होते, पण तो कधी नीट मिळालाच नव्हता, टीव्हीने मिळूच दिला नव्हता.

दहाव्या दिवशी मौन सुटतं. सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या, कुठून आलात, मुलं किती, आणि मला अचानक जीव घाबरा झाला. मग मोबाईल परत मिळाला, चालू केला, दोनशेच्या वर मेसेज होते, सगळे गुड मॉर्निंगचे आणि लग्नाच्या ग्रुपचे. मुलीचे दोन. तिथल्या बाकावर बसून जे पोटात तुटलं ना, ते नऊ दिवसांत एकदाही झालं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय कारण सगळे सांगतात की येताना अगदी हलकं वाटतं. मला नाही वाटलं, आणि तरी मी जा असंच सांगेन.

फक्त अगदी ताजं दुःख असेल तर थोडं थांबा. मी पहिल्या दोन-चार महिन्यांत गेले असते तर मला झेपलं नसतं.

मुलीला त्या रात्री फोनवर पहिल्यांदा सांगितलं की बाबांची आठवण येते गं, खूप येते. ती पण रडली. इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींना बरं आहे बरं आहे करत होतो.

सामानात चादर, स्वेटर, पावसाळा असेल तर छत्री, दोरी आणि चिमटे, आणि एक साधं घड्याळ न्या, मोबाईल नसतो हे बॅग भरताना लक्षात राहत नाही. खोलीतल्या ताई नाशिकरोडच्या निघाल्या, एक शिबिर केलेल्यांना सेवेला, म्हणजे शिबिरात विनामोबदला कामाला, जाता येतं म्हणून आम्ही दोघींनी पुढच्या शिबिराला सेवेचा फॉर्म भरलाय. स्वयंपाकघरात मिळाली तर बरं होईल.