आफ्रिकेचा रस्ता आखून देणारी सेवा : व्हिशांत चोख, गाडीच्या कागदांत कच्ची

छत्रपती संभाजीनगरात व्हिसा काढून देणारी कार्यालये पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी बहुतेकांचा व्यवहार उमरा, दुबईच्या सहली आणि मुलांचे परदेशी शिक्षण यांच्याभोवतीच फिरतो. मोटारसायकल जहाजाने पाठवून पूर्व आफ्रिकेतून थेट दक्षिण टोकापर्यंत रस्त्याने जायचे आहे, असे सांगितल्यावर विषय न बदलता नकाशा उघडणारे कार्यालय जालना रोडवर एकच भेटले. या लेखात काही तक्रारीही असल्याने त्याचे नाव येथे देत नाही.

या मंडळींनी पहिल्याच बैठकीत एक रस्ता साफ नाकारला, ही मला त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. कैरो ते केपटाऊन हे सगळ्यांच्या तोंडी असलेले स्वप्न. परंतु सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलेले असल्याने इजिप्तमधून खाली उतरणारा रस्ता पर्यटकासाठी उरलेला नाही, आणि आपल्याकडून पाकिस्तान, इराणमार्गे गाडी नेण्याचा विषय तर वाघा सीमेवरच संपतो. अन्यत्र ‘बघू, होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले होते. येथे न्हावा-शेवा ते केनियातले मोंबासा बंदर असा सागरी टप्पा धरून पुढचे सगळे बेतले गेले.

माझा हट्ट इथिओपियाचा होता. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा आणि खुलताबादेत चिरविश्रांती घेणारा मलिक अंबर मूळचा त्या देशातला, तेव्हा आमच्या भागातल्या माणसाने आफ्रिकेत जाऊन हरारसारखे जुने शहर न पाहता परतावे हे मला पटेना. अडचण अशी की इथिओपियाचा ई-व्हिसा अदिस अबाबाच्या बोले विमानतळावर उतरणाऱ्यांच्या सोयीने बेतलेला आहे. केनियातून मोयालेच्या नाक्यावर गाडी घेऊन गेल्यास त्याचा भरवसा धरता येत नाही. गाडी नैरोबीत ठेवून विमानाने जाऊन यावे, असे मी सुचवले, तेव्हा कार्यालयातील सल्लागार तरुणीने एक अडथळा दाखवला, जो एरवी माझ्या लक्षातच आला नसता. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा मिळून १०० डॉलरचा, ९० दिवसांचा एकत्रित पर्यटक व्हिसा मिळतो. त्या तिघांत कितीही वेळा ये-जा करता येते, पण तिघांबाहेर पाऊल टाकले की तो संपतो. नैरोबीहून अदिसला गेलो असतो, तर परत येताना हाती काहीच उरले नसते. त्यामुळे तिने क्रमच उलटा केला : गाडी समुद्रात असताना आम्ही मुंबईहून थेट अदिसला जायचे, हरार पाहायचे आणि तेथून केनियात उतरून एकत्रित व्हिसा वापरायला सुरुवात करायची. इतकी साधी फिरवाफिरव, पण आमचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले.

‘काका, व्हिसा मिळाला म्हणजे काम झालं असं नसतं, तुम्ही तिथं पोचेपर्यंत त्याची तारीख जिवंत राहिली पाहिजे,’ हे तिचे वाक्य त्यांच्या कामाच्या पद्धतीला तंतोतंत लागू पडते. त्यांनी दिलेला मोठा तक्ता पाहण्यासारखा आहे. सीमेवरची नाकी शाईने लिहिलेली आहेत आणि तारखा पेन्सिलीने, कारण मोंबासाला जहाज उशिरा लागले तर तारखा सरकणार, नाकी नाहीत. युगांडासाठी मलाबा, रवांडासाठी गातुना, टांझानियासाठी रुसुमोचा पूल, झांबियासाठी तुंडुमा. प्रत्येकासमोर व्हिसा कोठे काढायचा, उशिरात उशिरा कधी शिरायचे आणि पासपोर्टची किती कोरी पाने जातील, असे रकाने आहेत. पानांचा हिशेब पाहून त्यांनी माझ्याबरोबर येणाऱ्या मेहुण्याला ३६ ऐवजी ६० पानांचा पासपोर्ट घ्यायला लावला. रवांडाच्या ओळीत ‘उजवीकडून गाडी’ अशी लाल खूण आहे. बाकी या सगळ्या रस्त्यावर आपल्यासारखीच डावीकडची वाहतूक आहे.

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मात्र निघण्यापूर्वीच हवा, आणि खरी कसोटी तेथेच होती. अर्जदार विमानाने जाणार आणि विमानानेच परतणार, असे गृहीत धरूनच अर्जाबरोबरची कागदपत्रे मागितली जातात. गाडीने सीमेवर पोचणाऱ्याजवळ जाण्याचे तिकीटच नसते. यावर त्यांनी तयार केलेले पत्र उत्तम होते : कोणत्या दिवशी कोणत्या नाक्यावर, मुक्काम कोठे, गाडीचे पुढे काय होणार, खर्च कोण करणार. झिंबाब्वे टाळून झांबियातून झाम्बेझी नदीवरच्या कझुंगुला पुलाने थेट बोट्सवानात उतरायचे, म्हणजे एक देश, एक शुल्क आणि एक पान कमी, हेही त्यांनीच सुचवले. पूर्वी तेथे तराफ्यासाठी ताटकळावे लागे. २०२१ साली पूल खुला झाल्यावर ते थांबले.

आता तक्रारी. माणसांच्या कागदांत हे कार्यालय जितके चोख, तितकेच गाडीच्या कागदांत कच्चे आहे. परदेशात गाडी तात्पुरती नेण्यासाठी लागणारे ‘कार्ने’ हे पुस्तक मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून घ्यावे लागते, त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार मोठी हमी ठेवावी लागते आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्रही जोडावे लागते. हे सगळे आम्हाला शेवटच्या टप्प्यात, तेही ‘ते आमच्याकडे येत नाही’ अशा सुरात कळले. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीबाबतही ‘निघायच्या आठवड्यात घ्या’ असा सल्ला मिळाला. वास्तविक लसीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरले जाते आणि केनियासारख्या देशातून भारतात परतताना ते जवळ नसेल तर विलगीकरणात बसावे लागू शकते. व्हिशाचे बोटांचे ठसे, लस आणि कार्ने ही तिन्ही कामे देवगिरी एक्स्प्रेसने एकदाच मुंबई गाठून उरकता आली असती. मराठवाड्यातल्या माणसाला हे अगदी आधी सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवान्याला आरटीओत १,००० रुपये शुल्क आहे, त्यावर यांनी स्वतःचे ‘सेवाशुल्क’ लावले होते. विचारल्यावर ते वजा केले, पण विचारावे लागले.

एवढे असूनही, एकाहून अधिक देशांचे व्हिसे एका माळेत ओवायचे असतील तर मी यांच्याकडेच जायला सांगेन. जाताना कार्ने, लस आणि विमा यांची चौकशी स्वतः करून जावे आणि कामाची व्याप्ती लेखी घ्यावी. शुल्काची निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली शेवटचा व्हिसा हाती पडल्यावर, असा त्यांचा नियम आहे. बोट्सवानाचा व्हिसा अद्याप आलेला नाही, त्यामुळे उरलेली रक्कम आमच्याकडेच आहे.