पोर्ट वाईन, वापरानंतर: पुढचं लेबल शोभेचं, मागचं कामाचं

भांडण झालं नसतं तर हे लिहायला बसलोच नसतो. नोकरीनिमित्त पोर्तुगालमधल्या पोर्टोत राहतो, त्यामुळे पोर्ट प्यायला निमित्त लागत नाही. रिबेरा या नदीकाठच्या जुन्या भागातल्या, पर्यटकांनी भरलेल्या एका गल्लीत सवलतीची पाटी दिसली आणि दहा वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट, घेतली. खोकं उन्हानं विटलेलं होतं, तिकडे लक्ष दिलं नाही. किंमत बघून दिलं नाही म्हणा. घरी उघडली तर वास मेलेला, चवीला नुसता चिकट गोडवा आणि शेवटी जिभेवर राहणारा कडवटपणा. या प्रकाराची टॉनी आधी प्यायलेली असल्यामुळे काहीतरी बिनसलंय हे कळलं. बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं. बाटलीत भरल्याचं साल २०११.

दुसऱ्या दिवशी बाटली आणि पावती घेऊन दुकानात. मालक हसून म्हणाला, "सिन्योर, पोर्ट जितकी जुनी तितकी चांगली. तुमचा तर फायदाच झाला."

या एका वाक्यावर जगभर किती जुना माल खपत असेल! पोर्ट जुनी होते ती दोन ठिकाणी, पिंपात किंवा बाटलीत, आणि टॉनीचं सगळं वय पिंपातलं असतं. साधारण साडेपाचशे लिटरच्या लाकडी पिंपात ती वर्षानुवर्षं हळूहळू हवा खाते, लालाची तपकिरी होते, सुक्या मेव्याचा आणि कॅरॅमलचा वास धरते. बाटलीत भरली की तिची वाढ संपली. नंतर ती सुधारत नाही, फक्त थोडा थोडा ताजेपणा गमावते, आणि दुकानाच्या दिव्याखाली उभी असेल तर जरा वेगानं. म्हणूनच वय लिहिलेल्या टॉनीवर बाटलीत भरल्याचं साल छापतात. कायद्यानं छापावं लागतं, पण अक्षर असं की चष्मा काढून, बाटली नाकाला लावून वाचावं. एवढ्या महत्त्वाच्या आकड्याला एवढी क्षुद्र जागा का, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरात घराण्याची स्थापना, ढाली, मुकुट, सगळं. कामाचा आकडा मागे, बारकोडच्या शेजारी.

मालकाला हे माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगून झालं. तो ढिम्म. शेवटी तक्रारवही मागितली. पोर्तुगालमध्ये प्रत्येक दुकानाला ही वही ठेवावीच लागते आणि गिऱ्हाइकानं मागितली की द्यावीच लागते. आपल्याकडे एसटी स्टँडवर असते तशी खिळ्याला टांगलेली शोभेची नाही, इथं ती सरकारी खात्यापर्यंत जाते. वही म्हटल्यावर मालकाचा सूर बदलला. पैसे परत मिळणार नाहीत, पण बदल्यात दुसरी बाटली न्या. त्याच किमतीत बसणारी ताजी टॉनी त्याच्याकडे नव्हती. चरफडत व्हाईट पोर्ट, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची, उचलली आणि घरी येऊन ओट्याखाली ढकलून दिली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पोर्ट कशी करतात ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो: दोउरो खोऱ्यातली द्राक्षं, रस अर्धवट आंबला की द्राक्षांचीच ७७ टक्के अल्कोहोलवाली कडक दारू ओतून आंबणं थांबवायचं, न आंबलेली साखर आत राहते, शेवटी १९ ते २२ टक्के. गोव्याहून येणारी ती गोड लाल बाटली डोळ्यांसमोर असेल तर ती बाजूला ठेवा, तिचा आणि या खोऱ्याचा संबंध नाव उचलण्यापुरता. पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, यानं १७५६ साली या खोऱ्याच्या सीमा आखायला घेतल्या आणि पुढच्या काही वर्षांत ग्रॅनाईटचे खांब रोवले, त्यातले काही अजून उभे आहेत. त्या सीमेच्या आत पिकलेल्या द्राक्षांचीच पोर्ट. एवढं पुरे.

आता माझ्या घरातला हिशेब. बायको पीत नाही. मी जेवणानंतर एक छोटा ग्लास, तोही रोज नाही. म्हणजे माझ्यासाठी कुठल्याही पोर्टचा पहिला गुण चव नाही, उघडल्यावर ती किती दिवस टिकते हा आहे. परीक्षणं लिहिणारे हा मुद्दा शेवटच्या ओळीत उरकतात, कारण त्यांना बाटल्या फुकट येतात.

तर, वय लिहिलेली टॉनी फ्रिजमध्ये महिना-दोन महिने आरामात राहते. कारण सरळ आहे: जिनं पिंपात वर्षानुवर्षं हवा पचवली तिला अर्ध्या बाटलीतल्या हवेचं काय कौतुक. रुबी, म्हणजे लाल, तरुण पोर्ट, मोठमोठ्या टाक्यांत ठेवतात, हवेपासून जपून, म्हणून तिचा रंग गडद आणि फळ ताजं. ती उघडली की आठ-दहा दिवसांत संपवावी. व्हिंटेज पोर्टला जेमतेम दोन दिवस. साठ-सत्तर युरोंची बाटली, आणि दोन दिवस!

व्हिंटेजचा अनुभव एकदाच घेतला, दिवाळीला, ऑफिसातल्या चौघांत वर्गणी काढून. ही एकाच, निवडक सालच्या द्राक्षांची, आणि ही मात्र खरोखर बाटलीत वाढणारी पोर्ट. सुगीनंतर दोन-तीन वर्षांत न गाळता भरतात आणि मग वीस, तीस, चाळीस वर्षं आडवी ठेवतात. प्रत्येक साल व्हिंटेज म्हणून जाहीर होत नाही. २०११ गाजलं, २०१६ आणि २०१७ लागोपाठ जाहीर झाली तेव्हा इथल्या लोकांनाही नवल वाटलं होतं. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची, गाळ तळाशी बसला की हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतायची, शेवटचा चिखल टाकून द्यायचा. तो टाकताना माझा जीव तुटला, पण वाईन भारी होती, यात वाद नाही. चौघं होतो म्हणून त्याच रात्री संपली. एकट्यानं घ्यायची असेल तर अर्धी बाटली, ३७५ मिलीची, शोधा. मिळतात, फक्त दुकानदार त्या मागच्या फळीवर ठेवतात.

एलबीव्हीबद्दल (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली) मत मध्येच बदललं. ही एकाच सालच्या द्राक्षांची असते, चार ते सहा वर्षं टाकीत किंवा पिंपात राहून मग बाटलीत. माहितीपत्रकात "उघडल्यावर चार-पाच दिवस" वाचून मी ती यादीतून कापली होती. मग एका सहकाऱ्यानं निरोपाच्या वेळी एक दिली, न गाळलेली, लांब बूच ठोकलेली. पहिल्या दिवशी तोंड आवळणारी, जराशी रागावलेली. तिसऱ्या दिवशी ग्लासात ओतली तर काय सांगू, काळ्या जांभळाचा आणि मिरीचा वास, कडवटपणा गायब. आठवडाभर पुरवून प्यायलो आणि शेवटचा ग्लासही चांगला होता. तेव्हा ही यादीत परत, पण पंधरा-अठरा युरोंच्या आत असेल तर, आणि न गाळलेलीच. गाळलेल्या एलबीव्हीला बहुधा प्लास्टिकच्या टोपीचं, हातानं उघडणारं बूच असतं. सोयीचं आहे, पण मग चांगली रिझर्व्ह रुबी, म्हणजे साधीपेक्षा वरच्या दर्जाची, घेऊन तीन-चार युरो वाचवता येतात.

साधी टॉनी, वय न लिहिलेली, पाच-सहा युरोंची, ती घेऊ नका. रंग फिका म्हणून नाव टॉनी. पिंपातली वर्षं तिच्या वाट्याला फारशी आलेलीच नसतात. त्या पैशात साधी रुबी जास्त प्रामाणिक आहे.

बरं, "दहा वर्षांची" म्हणजे मोजून दहा वर्षांची नव्हे. वेगवेगळ्या सालांच्या पिंपांचं मिश्रण असतं, आणि पोर्टच्या सरकारी संस्थेचे, आयव्हीडीपीचे, चव घेणारे लोक "ही दहाच्या वर्गात बसते" असं ठरवतात. वीस, तीस, चाळीसचंही तेच. दहाची साधारण वीस युरोंच्या आसपास, विसाची दुप्पट किंवा जास्तच. विसाची चांगली असते, संत्र्याच्या सुकलेल्या सालीचा वास येतो, चव बराच वेळ रेंगाळते. पण दुप्पट चांगली नाही. तीस आणि चाळीस मी नदीपलीकडच्या गाया गावातल्या एका पोर्टच्या तळघरात, ग्लासाच्या भावानं प्यायलो. बाटली घेण्याइतका पगार नाही आणि असता तरी घेतली नसती.

एकाच सालची टॉनी हवी असेल तर कोल्येइता. किमान सात वर्षं पिंपात. इथं मागचं लेबल सगळ्यात महत्त्वाचं, कारण साल दोन असतात: सुगीचं आणि बाटलीत भरल्याचं. २००३ची कोल्येइता २०११मध्ये भरलेली असेल तर ती आठ वर्षांची टॉनी आहे, २०२२मध्ये भरलेली असेल तर एकोणीस वर्षांची. पुढून दोन्ही बाटल्या सारख्या, मोठ्ठं २००३. किंमतही कधी कधी सारखीच! वजाबाकी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता ती ओट्याखालची व्हाईट पोर्ट. पर्यटकांचं सरबत म्हणून मी तिला हिणवत असे. उन्हाळ्यात पाहुणे आले, घरी दुसरं काही नव्हतं, म्हणून काढली. इथले लोक करतात तसं केलं: मोठा ग्लास, भरपूर बर्फ, एक भाग व्हाईट पोर्ट, दोन भाग टॉनिक वॉटर (कडसर सोडा), लिंबाची चकती, पुदिना. बटाटेवडे होते सोबत. त्या संध्याकाळी बाटली संपली आणि एक पाहुणा रिकामी बाटली बघून नाव लिहून घेऊन गेला. त्यानंतर घरात कायम एक असते, साधी सात युरोंची. फक्त लेबलवर सेको, म्हणजे कोरडी, बघा. लाग्रिमा, म्हणजे सगळ्यात गोड, लिहिलेली घेतलीत तर टॉनिकसोबत पाकासारखी लागेल. ज्या दुकानदाराशी मी भांडलो त्याच्यामुळे ही सापडली, याचा मला अजून राग आहे.

खाण्याबरोबर: वाईनपेक्षा गोड पदार्थ नको, हा एकच नियम पाळा. गुलाबजामबरोबर टॉनी चक्क आंबट लागली. शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर मात्र दहाची टॉनी काय जमते! बेसनाचा लाडू, साखर बेतानं असेल तर, तिच्याच जातीचा. रुबीला काळं चॉकलेट, एलबीव्हीला निळं चीज किंवा इथलं सेरा दा एस्त्रेलाचं चमच्यानं खायचं मेंढीचं चीज. मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. छोट्या ग्लासातही सात-आठ ग्रॅम जाते.

टॉनी फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी प्या, कोमट पोर्टमध्ये दारूच जास्त जाणवते. ती चिमुकली नक्षीदार ग्लासंही नकोत, नाक आत जात नाही. आल्वारो सिझा या इथल्या वास्तुविशारदानं पोर्टसाठी अधिकृत ग्लास काढला आहे, दांड्यावर अंगठ्यासाठी चौकोनी खाच असलेला. देखणा आहे. मी साधा वाईनचा ग्लास एक तृतीयांश भरून पितो, तो घरात होताच.

भारतात नेण्याबद्दल नेहमी विचारणा होते. शुल्काशिवाय दोन लिटरची मुभा, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर एक ३७५ मिलीची. तिसरी पूर्ण बाटली बसत नाही. मी दोन दहाच्या टॉनी नेतो, बाटलीत भरून वर्ष-दीड वर्षच झालेल्या, आणि अर्ध्या बाटलीच्या जागी एलबीव्ही. व्हाईट नेत नाही, कारण तिथं टॉनिक इथल्यापेक्षा गोड मिळतं आणि सगळा हिशेब बिघडतो.