लेझरच्या नावाखाली चार सुया

माझी मालवणात खानावळ आहे. सकाळी भाकऱ्यांच्या पिठात हात घातला की दुपारी तीनपर्यंत उभीच. डाव्या पोटरीवर गांडुळांसारख्या निळ्या शिरा कधीपासूनच्या, संध्याकाळी घोट्याला सूज. चतुर्थीच्या महिनाभर आधी एका गिऱ्हाइकाने पत्रक आणून दिलं: ‘व्हेरिकोज व्हेन्स लेझरने एका दिवसात कायमच्या बऱ्या’. शिबिर कणकवलीला, एका लॉजच्या हॉलमध्ये.

तिथे मला आडवं करून पोटरीवर सोनोग्राफी जेमतेम मिनिटभर फिरवली. "आज केलंत तर 45 हजार, नंतर 80." घराच्या रंगाचे पैसे बाजूला काढले होते, तेच दिले. रोख. पावती मागितली तर "फाईलबरोबर देतो". मग पडद्याआड नेऊन वरवरच्या शिरांत चार-पाच सुया टोचल्या, पट्टी गुंडाळली, झालं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "गो, मशीन खंय होती?" मी त्यालाच गप्प केलं.

गणपतीत पाय छान दिसले, खोटं कशाला बोलू. शिमग्यापर्यंत शिरा परत वर, शिवाय सुया टोचल्या तिथे तपकिरी डाग. त्यांचा फोन बंद.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उभं करून डॉप्लर केला, म्हणजे रक्त कुठल्या दिशेला वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, जांघेपासून घोट्यापर्यंत, पोटरी दाबून सोडत. रक्त उलटं खाली येताना स्क्रीनवर मलाही दिसलं. बिघाड रक्त खाली परतू न देणाऱ्या, जांघेतल्या झडपेत, आणि मांडीतल्या मोठ्या शिरेला कोणी हातच लावला नव्हता. सुयांचं औषध खोटं नाही म्हणाले, बारीक शिरांना देतातच. पण वरून गळती चालू असताना खालचं टिकणार कसं?

लेझरमध्ये गुडघ्याजवळून बारीक तार शिरेत घालतात, सोनोग्राफीवर बघत वर नेतात, शिरेभोवती बधिर करणारं पाणी भरतात आणि आतून उष्णतेने ती बंद करतात. खोलीतल्या सगळ्यांना, पेशंटलासुद्धा, खास चष्मे लागतात. माझ्या वेळी चष्मा होता तो पैसे मोजणाऱ्याच्या नाकावर. नीट केलेली शीर वर्षानंतरही शंभरात नव्वदहून जास्त जणांची बंदच राहते. तरी ‘कायमचं’ असं हे डॉक्टरही म्हणाले नाहीत, दुसरी शीर फुगू शकते.

तेव्हा पैसे काढण्याआधी विचारा: डॉप्लर उभं करून केला का? कोणती शीर बंद करणार, ते कागदावर द्याल का? नंतर पुन्हा डॉप्लर करून दाखवाल का?

मला मे महिन्यातले पर्यटक गेल्यानंतरची तारीख मिळाली आहे. तोवर उठल्या उठल्या घट्ट मोजे, आणि भाकऱ्या स्टुलावर बसून.