मिस्सा, कन्फेशन आणि ओसीडीची ऑनलाइन थेरपी: पैसे भरून घेतलेला अनुभव

आधी सेवेबद्दल थोडक्यात. व्हिडिओ कॉलवर ओसीडीसाठी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते शांत करायला तीच ती कृती करत राहावी लागते, तो आजार) ईआरपी थेरपी; ती काय ते पुढे सांगते. सेशन पन्नास मिनिटांचं, फी सतराशे रुपये, पैसे आधी भरायचे. थेरपिस्ट मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेल्या. मराठी बोलतात, हिंदू आहेत आणि चर्चमध्ये मैत्रिणीच्या लग्नापलीकडे कधी गेलेल्या नाहीत. क्लिनिकचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत. शिवाय आमची वसई केवढीशी, कोण कुणाकडे जातं हे लगेच कळतं. तेव्हा हा रिव्ह्यू दुकानाचा कमी आणि मालाचा जास्त समजा.

ओसीडी म्हटलं की लोकांना हात धुणारी बाई आठवते. माझं तसं नाही. माझा सगळा घोळ मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत. फादर ख्रिस्तशरीर (पवित्र केलेली पातळ भाकर) उंच धरतात, घंटा वाजते, सगळं चर्च गप्प होतं आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यात येशूबद्दल इतकं घाणेरडं काही येतं की ते इथे लिहिणार नाही. मग मनातल्या मनात 'प्रभू, क्षमा कर' सुरू. म्हणताना मन भरकटलं की पहिल्यापासून. ख्रिस्तशरीर हातावर घेतलं तर जागेवर येऊन तळहाताच्या रेषा तपासायच्या, कण राहिला का म्हणून. बोटांच्या बेचक्यात बघायचं, नखाखाली बघायचं, ओठ टेकवायचे, पुन्हा बघायचं. शेजारची बाई रांगेतून परत येऊन गुडघे टेकून उठलेली असते, मी अजून हातच बघतेय.

उपासाचंही तेच. ख्रिस्तशरीर घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध चालतं, एवढा साधा नियम आहे. माझ्या डोक्यात त्याचं कोर्टकचेरीचं प्रकरण व्हायचं. टूथपेस्ट गिळली गेली का? दाढेत अडकलेला शेंगदाण्याचा तुकडा पावणेसहाला निघाला आणि गिळला, तर तास कुठून मोजायचा? असं करत कितीतरी रविवार मी ख्रिस्तशरीर न घेताच घरी आले आणि मग 'घेतलं नाही' याचीच टोचणी लागली.

पण सगळ्यात वाईट कन्फेशन, म्हणजे फादरांना आपली पापं सांगून क्षमा घेणं. फोनमध्ये यादी. सांगून बाहेर आलं की वाटायचं, नीट सांगितलं नाही, फादरना वेगळंच समजलं असेल, म्हणजे ते धरलंच जाणार नाही. पुन्हा रांगेत. आमच्या गावात जमेना तेव्हा स्टेशनजवळच्या चर्चमध्ये, तिथले फादर ओळखायला लागल्यावर पुढच्या गावात. नवऱ्याला रात्री अकराला उठवून विचारायचं, 'हे पाप आहे का हो?' तो म्हणायचा, 'नाही गं, झोप.' दहा मिनिटं बरं वाटायचं.

आता थेरपीचं. ईआरपी म्हणजे भीती वाटते ती गोष्ट मुद्दाम समोर आणायची आणि मग नेहमीची 'निस्तरण्याची' कृती करायची नाही. भीती चढते, राहते, आणि आपण काही न करता हळूहळू उतरते. उतरली नाही तरी आपण तिच्यासकट बसू शकतो, हे मेंदू शिकतो. ही पद्धत व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली लंडनमध्ये दोन रुग्णांवर वापरून मांडली. मॅडमनी सांगितलं की त्यातल्या एकीला धर्मनिंदेचेच विचार यायचे. हे ऐकून मला जो धीर आला तो आधीच्या सगळ्या प्रार्थनासभांतून आला नव्हता. (एका सभेत मला 'दुष्टात्म्याची बाधा' सांगून डोक्यावर हात ठेवला होता. त्यानंतर ते विचार दुप्पट झाले.) दुसरं असं की 1978 साली रॅकमन आणि डिसिल्वा यांनी साध्या, आजार नसलेल्या माणसांना विचारलं तेव्हा जवळजवळ 80 टक्के लोकांनी असे नको ते विचार येतात असं सांगितलं. त्यांना ते येतात आणि जातात. मी मात्र त्यांची चौकशी समिती नेमते.

मला खरी धास्ती होती की ही बाई माझा विश्वास काढून घेईल. 'देवच मानू नका म्हणजे प्रश्न मिटला' असं म्हणेल. तसं झालं नाही, आणि या रिव्ह्यूत मी सर्वांत जास्त गुण देते ते इथे. दुसऱ्याच सेशनला त्यांनी विचारलं, 'तुमच्या चर्चमध्ये रोज मिस्साला येणारी, श्रद्धाळू पण शांत अशी कोण बाई आहे? ती तळहात किती वेळ बघते?' माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गायनवृंदातल्या एक आजी आल्या. त्या एकदा नजर टाकतात आणि गायला लागतात. मॅडम म्हणाल्या, 'मग आपलं माप तेच. त्यापेक्षा जास्त काही करायचं ते ओसीडीसाठी, देवासाठी नाही.'

कामं दिली तीही चर्चच्या नियमात बसणारी. पाप करून या असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मिस्साआधी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवायचं. खाणं अंदाजाने थांबवायचं, मिनिटं मोजायची नाहीत. रोजरीत (मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेत) मन भरकटलं तर तो मणी परत घ्यायचा नाही, पुढे जायचं. बायबलमधल्या मार्कच्या तिसऱ्या अध्यायातली पवित्र आत्म्याच्या निंदेची, क्षमा न होणाऱ्या पापाची ओळ वाचायची, पुस्तक मिटायचं आणि 'क्षमा कर' न म्हणता भाकरी थापायला घ्यायच्या. हे शेवटचं वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझ्या भाकरीचे तुकडे पडले, इतके हात थरथरत होते.

तळहाताचं काम आम्ही घरी आधी केलं. मारी बिस्किटाचा चुरा हातावर घ्यायचा, एकदा बघायचं, हात खाली. खऱ्या ख्रिस्तशरीराशी असला प्रयोग करायचा नाही, हे मॅडमनी मी न सांगताच ओळखलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये एकदा बघितलं आणि हात मांडीवर उलटे ठेवले. पुढची सगळी मिस्सा ते हात माझे नाहीतच असं वाटत होतं. समारोपाच्या गीतापर्यंत मात्र मी चक्क गात होते.

कन्फेशनसाठी मॅडम म्हणाल्या की हा त्यांचा प्रांत नाही, फादरांना सोबत घ्या. माझ्या संमतीने त्यांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं. फादरनी ते वाचलं आणि हसले. म्हणाले, 'अगं, हे संत इग्नेशियसना पण होतं.' 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला असताना ते तीच ती पापं पुन्हा सांगायला जायचे. त्यांच्या कन्फेसरने (पापं ऐकणाऱ्या धर्मगुरूने) सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. आणि त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! म्हणून फादरनी मला नियम ठरवून दिला: एकच कन्फेसर, महिन्यातून एकदा, कागद-फोन नाही, जुनं पुन्हा नाही, आणि शंका असेल तर ते पाप नाही असं धरून चालायचं. चर्चच्या शिकवणीतही गंभीर पापाला बाब गंभीर असावी लागते, पूर्ण जाण आणि पूर्ण संमती लागते. घंटेच्या वेळी डोक्यात घुसणाऱ्या कचऱ्याला माझी संमती कुठली? पण हेही रोज रोज विचारायचं नाही. तेसुद्धा खाज आली म्हणून खाजवण्यासारखंच. नवऱ्यालाही मॅडमनी एका सेशनला बसवलं आणि उत्तर पाठ करून दिलं: 'याचं उत्तर मी देणार नाही.' पहिल्या आठवड्यात मी त्याच्याशी धड बोलले नाही.

आता तक्रारी. या क्लिनिकचं एक ॲप आहे, त्यात रोजचा गृहपाठ केला की हिरवी टिकमार्क येते आणि सलग दिवसांची साखळी दिसते. ओसीडीच्या माणसाला साखळी? मी रात्री बाराच्या आत टिक पडावी म्हणून गृहपाठ करायला लागले. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी ते बंद करवलं, पण बाकीच्या पेशंटांचं काय? फॉर्म सगळे इंग्रजीत. लक्षणं किती तीव्र ते मोजणारी वाय-बॉक्स नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते, शून्य ते 40 गुणांची. ती मॅडमनी तोंडी मराठीत करून घेतली म्हणून निभावलं. माझे गुण 27 वरून 13 वर आले. तीव्रवरून सौम्य. गेले नाहीत. आणि चोवीस तास आधी कळवलं नाही तर फी बुडते. गावात मयत झाली तेव्हा माझी बुडली. मयत काय आदल्या दिवशी कळवून होते?

औषध या पैशात नाही. त्यासाठी सायकिॲट्रिस्ट वेगळे, मला सर्ट्रालीन चालू आहे. ओसीडीला ही गोळी नैराश्यापेक्षा जास्त डोसची लागते बऱ्याचदा, आणि फरक पडायला आठ ते बारा आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत 'काही होत नाही' म्हणून सोडू नका. औषध उपास मोडत नाही, हे वर लिहिलंच आहे.

फी परवडत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे पूर्ण ईआरपी मिळणार नाही, पण कुठे जायचं ते सांगतात. वाचायला काही हवं असेल तर अमेरिकेतल्या रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंचं 'स्क्रुप्युलस अनॉनिमस' नावाचं पत्रक याच त्रासाच्या लोकांसाठी आहे, इंग्रजीत. मात्र तेच पान सतरा वेळा वाचायला लागलात तर बंद करा.

थेरपिस्ट निवडताना फोनवरच दोन प्रश्न विचारा: 'तुम्ही ईआरपी करता का, की नुसतं बोलणं?' आणि 'माझ्या फादरांशी किंवा पाळकांशी बोलायची तुमची तयारी आहे का?' दुसऱ्याला 'धर्माचा इथे काय संबंध' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. पाचपैकी मी चार देते, एक त्या ॲपचा कापला. आणि दहा सेशनचं पॅकेज घ्या म्हणून रिसेप्शनवरून मागे लागतात, ते घेऊ नका. एकेकाचे पैसे भरा. मी आता महिन्याला एकच घेते आणि पुढचं ईस्टरनंतर ठेवलंय.