खेळाडू पोराचं कॉलेज: सांभाळून घेणारं की हजेरी मागणारं?

जून उजाडला की साताऱ्यात शाहू क्रीडा संकुलात सकाळी पोरांना घेऊन येणाऱ्या पालकांत एकच विषय असतो. बारावी झाली, आता घालायचं कुठं? खेळाडू पोरासाठी आपल्याकडं ढोबळमानानं दोन प्रकारची कॉलेजं आहेत. एक ‘सांभाळून घेणारं’ आणि दुसरं हजेरी मागणारं. माझ्या घरात दोन्ही झाली आहेत. थोरला कबड्डीवाला, तो पहिल्या प्रकारच्या कॉलेजातून बाहेर पडला. धाकटी 1500 मीटर पळते, ती दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजात आहे. नावं दोन्हींची घेत नाही, मला अजून याच गावात राहायचंय.

फी, वसतिगृह, मैदान तुम्ही बघालच. आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित विद्यार्थी असावं लागतं आणि वय 17 ते 25 मध्ये बसावं लागतं, हेही एव्हाना पाठ असेल. त्यामुळं ते सोडून बोलतो.

पहिल्या कॉलेजची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच मोठी आहे. थोरल्याची राज्य स्पर्धा झाली आणि आठवड्याभरात जिमखान्याचे सर घरी चहाला हजर. बूट, ट्रॅकसूट, प्रवासभत्ता, हॉस्टेलची खोली, सगळं बोलून मोकळे. ‘हजेरीचं टेन्शन घेऊ नका, आम्ही बघतो’ हे वाक्य तिथंच पडलं. आणि माणूस शब्दाला जागला. पोराला सकाळ-संध्याकाळ सराव मिळाला, दुपारची झोप मिळाली, आपल्याहून तगडी पोरं रोज अंगावर घ्यायला मिळाली. दोन वर्षांत त्याची चढाई अशी सुधारली की गावचे जुने खेळाडूसुद्धा थांबून बघायचे. खेळाच्या हिशेबात दुसरं कॉलेज याच्या जवळपास येत नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

दुसऱ्या कॉलेजात धाकटीला घेऊन गेलो तर उपप्राचार्यांनी पदकांची फाइल बाजूला सारून आधी बारावीचं गुणपत्रक मागितलं. मग एक अर्ज दिला, त्यावर क्रीडाशिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक अशा तिघांच्या सह्या. विद्यापीठाच्या विभागीय आणि आंतरविभागीय स्पर्धांचे दिवस हजेरीत धरणार, जिमखान्याचं पत्र लागेल. कुठल्या गावच्या बक्षिसाच्या मॅरेथॉनला गेलात तर ती गैरहजेरीच. बुडालेली प्रात्यक्षिकं शनिवारी दुपारी भरून काढायची. पोरगी बाहेर येऊन म्हणाली, ‘पप्पा, ही शाळाय.’ तिच्या प्रशिक्षकांचं मतही फारसं वेगळं नव्हतं. एक शिबिर या शनिवारांपायी हुकलं, त्याचा राग त्यांच्या मनात अजून आहे.

आता ज्या गोष्टीनं माझा काटा फिरला ती सांगतो. दिसायला अगदी बारीक आहे.

थोरल्याचं एका सत्राचं गुणपत्रक आलं. अर्थशास्त्राला अंतर्गत मूल्यमापनात 20 पैकी 18. मी सहज विचारलं, ‘कोण शिकवतं रे?’ त्याला सरांचं नाव आठवेना. चाचणी दिलीस का? नाही. सेमिनार? तो कुणीतरी दिला असंल. संघातल्या बाकीच्या पोरांना किती? सगळ्यांना 18. जर्नल तर त्यानं पाहिलंही नव्हतं, पण ते तपासून, सही होऊन विभागात जमा होतं.

मी कॉलेजात गेलो आणि म्हटलं, ज्या कागदावर हे 18 दिले तो कागद दाखवा. विभागात सांगितलं, खेळाडूंची यादी जिमखान्यातून येते, तिकडं विचारा. जिमखान्यात सांगितलं, मार्क विभाग देतो, आम्ही फक्त विनंती करतो. ऑफिसातल्या बाबूंनी शेवटी हात जोडले, ‘साहेब, पोरगं खेळतंय, मार्क भरून दिलेत, मग तक्रार कशाची?’ त्यांचंही खरं होतं. मार्क कमी पडले तर अर्ज कुठं करायचा ते ठरलेलं असतं, जास्त पडले तर त्यासाठी खिडकीच नाही. घरी आमची ही म्हणाली, जादा मार्कांसाठी भांडायला गेलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.

पण मला खुपलं ते हे की पोरगं कच्चं आहे हे मला कळायचा रस्ताच बंद झाला. सगळ्यांना 120/80 दाखवणारं बीपीचं मशीन दवाखान्यात ठेवलं तर पेशंट खूश होईल, पण उपयोग काय? विद्यापीठाच्या लेखी पेपरला जिमखान्याची यादी चालत नाही. तिथं तो आपटला आणि एटीकेटीच्या फेऱ्यात अडकला. त्या वेळी जिमखान्याच्या सरांचा फोन नेमका रेंजबाहेर.

सवलतीला माझा विरोध नाही, गैरसमज नको. दहावी-बारावीला बोर्ड खेळाडूंना 25 पर्यंत वाढीव गुण देतं, ते माझ्या पोरांनीही घेतलेत. पण त्याला स्पर्धेचा स्तर ठरलेला आहे, प्रमाणपत्र लागतं, शाळेकडून प्रस्ताव जातो, जिल्हा क्रीडा कार्यालयाची तपासणी होते. कुणी विचारलं तर कागद पुढं करता येतो. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणाचंही तसंच, म्हणून तर बोगस प्रमाणपत्रं निघायला लागल्यावर पडताळणी आली. कॉलेजातलं ‘सांभाळून घेणं’ मात्र तोंडी असतं. ते कुणी दिलं, किती दिलं, का दिलं, याला धनी नसतो.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत तर कॉलेजच्या खेळावर अख्खा उद्योग चालतो. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला, 1993 ते 2011 अशी 18 वर्षं एका विभागात कागदावरचे वर्ग चालले. तासच नाहीत, एक निबंध द्यायचा आणि त्याला गुण द्यायची विभागातली एक कर्मचारी, प्राध्यापक नव्हे. 2014 च्या चौकशी अहवालात सुमारे 3,100 विद्यार्थी निघाले आणि त्यांत खेळाडूंचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं मोठं. मला खरी गंमत वाटली ती 2017 च्या निकालाची. कॉलेज खेळांवर देखरेख करणारी एनसीएए म्हणाली, हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, त्यामुळं खेळाडूंना खास सवलत दिली असं ठरवता येत नाही. म्हणजे विद्यापीठाला शिक्षा नाही. आमच्या विभाग-जिमखाना फेरीची मोठी आवृत्तीच.

त्याच एनसीएएची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथं संघाच्या अभ्यासाचा हिशेब ठेवतात. शिष्यवृत्तीवरचा खेळाडू त्या सत्रात शिक्षणात टिकला का आणि पात्र राहिला का, यावर गुण. पूर्ण गुण 1000, चार वर्षांची सरासरी 930 च्या खाली गेली तर संघ हंगामानंतरच्या स्पर्धेतून बाहेर. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ 2011 चा राष्ट्रीय विजेता, तरी 2013 ला याच कारणानं घरी बसला. 2014 ला परत येऊन पुन्हा जिंकला, ते वेगळं. त्या पद्धतीतही पळवाटा असतीलच. पण पोरगं अभ्यासात बुडालं तर झळ संघालाही बसते. आपल्याकडं ती एकट्या पोराला बसते.

कॉलेजनं खेळाडूच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे काय, याचं उदाहरण तर आपल्याच मातीतलं आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. सांभाळणं म्हणजे हे. माणसानं स्वतःच्या खिशाला खार लावला आणि कुणाकडून घेतलं, कुणाला दिलं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत.

धाकटीकडं येतो. तिला पहिल्या सत्रात अंतर्गतला 20 पैकी 11 पडले. रडली. पण वर्गशिक्षिका बाईंनी चाचणीचा पेपर समोर ठेवला, लाल शाईत कुठं काय चुकलं ते लिहिलेलं. पुढच्या सत्रात 14. तिच्या 1500 च्या वेळेत फार सुधारणा झाली म्हणणार नाही, दोन-तीन सेकंद इकडंतिकडं. दुसऱ्या एखाद्या पोरीला हेच कॉलेज जाचेल, नव्हे, मैदानच सोडायला लावेल. आणि दोन पोरांवरून सगळ्या जिल्ह्याचा निवाडा करायचा नसतो, हेही मला कळतं.

पोराला पोलिस शिपाई व्हायचंय, बारावी झालीय, शरीर तयार करायचंय, तर पहिलं कॉलेज वाईट नाही. तिथला सराव आणि संगत दोन्ही चांगली. मोठ्या लीगमध्ये निवड होण्यासारखा खेळ असेल तरीही कदाचित तेच. पण फौजदारकीला किंवा राज्यसेवेला बसायचं असेल तर पदवी लागते, आणि गुडघा एकदा गेला की पुढचं सगळं त्या पदवीवरच येतं. तिथं माझं मत दुसऱ्याकडं झुकतं.

प्रवेशाच्या आधी दोन्हीकडं जाऊन या आणि जिमखान्याच्या सरांना दोनच गोष्टी विचारा. मागच्या तीन वर्षांतल्या तुमच्या संघातल्या किती पोरांनी पदवी पूर्ण केली? आणि स्पर्धेत बुडालेली चाचणी परत घेता का, घेत असाल तर त्याचा लेखी नियम दाखवाल का? दुसऱ्या प्रश्नावर ‘ते आमच्यावर सोडा’ असं उत्तर आलं, तर माझा सल्ला काय असेल ते वेगळं सांगायला नको. हजेरी मागणाऱ्या कॉलेजात खेळाडूंच्या जागा थोड्याच असतात, त्यामुळं तिथला अर्ज आधी भरून ठेवा.