धरमपेठेतील माहितीपटांचा देवघेव विभाग

नागपूरच्या धरमपेठेतील एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यालयात पर्यावरण आणि विकास या विषयांवरील माहितीपट अनामत रक्कम घेऊन घरी नेऊ देण्याची सोय आहे. आठवडाभरासाठी डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह मिळतो आणि सदस्यत्व सोडताना अनामत परत मिळते.

संग्रहाची मांडणी धरणे, जंगल, खाणी, शेती, शहर अशी विषयवार केली आहे आणि शिक्षकांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. धरणांच्या कप्प्यात आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची १९९५ ची ‘ए नर्मदा डायरी’ आहे, तर शेतीच्या कप्प्यात पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत जाणारी, दीपा भाटिया यांची २००९ मधील ‘नीरोज गेस्ट्स’. माहितीपट दाखवून काय साधते, असे विचारणाऱ्यांनी माइक पांडे यांचा व्हेल शार्कवरील माहितीपट अवश्य न्यावा. गुजरातच्या किनाऱ्यावरील या माशाची शिकार त्यांनी चित्रित केली आणि २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले, त्यात या चित्रणाचा मोठा वाटा मानला जातो.

प्रत्येक डबीत हाताने लिहिलेले कार्ड असते. त्यावर कालावधी, भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून दाखवावा याची नोंद असते. एका कार्डावर पेन्सिलीने ‘३४ व्या मिनिटाला अडकते, थोडी पुढे न्यावी’ असेही लिहिलेले होते. संग्रह जीव लावून सांभाळला जातो, हे अशा नोंदींवरून कळते.

खरी उणीव भाषेची आहे. बहुतेक निवेदन इंग्रजीत आणि उपशीर्षकेही इंग्रजीच. कुही तालुक्यातील एका पुनर्वसित गावात आम्ही धरणावरील माहितीपट दाखवला, तेव्हा वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगावे लागले. तरीही मोबदल्याचा प्रसंग आला तसा तो पुन्हा लावण्याचा आग्रह बायकांनी धरला. ज्या गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि ज्याच्या पाण्याखाली त्यांची शेते गेली, त्याविषयी मात्र या संग्रहात काहीही नाही. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेवर किंवा २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावावरही मला काही आढळले नाही. नागपुरातील संग्रहात निदान एवढे तरी असायलाच हवे, आणि असलेल्या माहितीपटांना मराठी निवेदन जोडण्याचे काम संस्थेने नव्या खरेदीच्या आधी हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

घरी पाहण्यासाठी नेणाऱ्यांना काहीच अडचण नाही. जाहीरपणे दाखवायचा असेल तर निर्मात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. त्यासाठीचे पत्र तेथील कार्यकर्ते स्वतः लिहून देतात, पण उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून गावातील कार्यक्रमाची तारीख ठरवण्यापूर्वीच त्यांना कळवावे.