कोणता यहूदा आधी वाचावा?

गेथशेमाने बागेत रात्री येशूचाच शिष्य यहूदा ‘गुरुजी’ म्हणत येशूचं चुंबन घेतो. पकडायला आलेल्यांना सांगून ठेवलेली ती खूण. पण जो माणूस मंदिरात रोज उघड शिकवत होता, त्याला ओळखायला खूण हवी कशाला? यहूदावरचं काय वाचायचं हे ठरवताना हा प्रश्न हाताशी ठेवा. जुन्या लेखकांना तो पडत नाही, नव्यांची त्यातून सुटका नाही.

आधी बायबलातली शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, चाळाच. त्यांचं आपसात जुळत नाही. मत्तय म्हणतो, चांदीची तीस नाणी फेकून देऊन त्यानं गळफास घेतला. बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो शेतात पालथा पडतो आणि पोट फुटून मरतो. योहानाच्या लेखी तर तो शिष्यांच्या समाईक थैलीतले पैसे लांबवणारा भुरटा. पुढच्या लेखकांना शिरायला जागा मिळाली ती याच फटींतून.

इटालियन कवी दान्तेला कारणाशी देणंघेणं नाही. चौदाव्या शतकातल्या ‘इन्फर्नो’ या त्याच्या नरकाच्या काव्यात सैतानाला तीन तोंडं. कडेच्या दोन तोंडांत सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस, डोकी बाहेर लोंबताहेत. मधल्यात यहूदा, डोकं आत, बाहेर पाय झाडतोय, पाठ नखांनी सोलली जातेय. चित्र जन्मभर पुसलं जात नाही; माणूस मात्र कळत नाही. तो एक शब्दही बोलत नाही. (मराठी ओवीत ख्रिस्तकथा हवी तर गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं 1616चं ‘ख्रिस्तपुराण’ आहे. ते भाषेसाठी वाचा.)

खरी निवड विसाव्या शतकापासून पुढे. अर्जेंटिनाच्या बोर्हेसची ‘यहूदाची तीन रूपं’ ही 1944ची कथा बसल्या बैठकीत संपते. तिच्यातला स्वीडिश पंडित रूनबेर्ग चुंबनाच्या प्रश्नावरूनच सुरुवात करतो आणि पोचतो कुठे, तर देवानं अवतार घेतला तो येशूचा नव्हे, यहूदाचा! बुद्धीला झिणझिण्या येतात, डोळे कोरडेच राहतात.

ग्रीक लेखक कझान्टझाकीसच्या 1955च्या ‘द लास्ट टेम्प्टेशन’ या कादंबरीत उलट सगळी रक्तामांसाची माणसं. तांबड्या दाढीच्या यहूदाला येशू स्वतःच सांगतो, मला पकडून दे. आणि कबूल करतो की वधस्तंभावर जाण्याचं माझं काम तुझ्यापेक्षा सोपं. पुढे वधस्तंभावरच्या येशूला पडलेल्या स्वप्नात म्हातारा यहूदा त्यालाच ‘गद्दार’ म्हणतो, त्या पानांसाठी पाचेकशे पानं सोसावीत. मध्ये कंटाळाही येतो, खोटं कशाला बोला.

मला विचाराल तर इस्रायली लेखक आमोस ऑझची 2014ची कादंबरी ‘यहूदा’. सन 1959च्या हिवाळ्यातलं जेरुसलेम, शिक्षण अर्धवट सोडलेला श्मुएल आणि एका म्हाताऱ्याशी त्याच्या रोजच्या गप्पा. गती संथ; सुरुवातीला धीर धरा. श्मुएलच्या डोक्यातला यहूदा श्रीमंत आहे, तीस नाण्यांनी त्याचं काय होणार? येशू देव आहे यावर खुद्द येशूपेक्षा त्याचा जास्त विश्वास. चमत्कार सगळ्या जगाला दिसावा म्हणून वधस्तंभाचा घाट तोच घालतो, आणि मग समोर उभा राहून वाट पाहतो, आता उतरेल, आता उतरेल.